देहाचा नकाशा : जोडलेले दुवे आणि सुटलेल्या शंका

माणसाच्या शरीरात हाडे किती? चरकसंहिता ३६० सांगते, सुश्रुतसंहिता ३०० सांगते आणि आजचे क्रमिक पुस्तक २०६ सांगते. मधल्या काळात माणसाची हाडे काही कमी झालेली नाहीत. दातांना हाडांत धरायचे का, नखांना धरायचे का, कूर्चेचे काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे बदलली आणि त्यासरशी बेरीज बदलली. शरीराची मोजणी ही आधी व्याख्येची बाब असते, गणिताची नंतर.

हाडांचा हा प्रश्न आज पेशींच्या बाबतीत पुन्हा उभा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात असा २०१३ मधला एक बहुचर्चित अंदाज आहे. त्या सगळ्यांची वर्गवारी करायची, प्रत्येक प्रकार शरीरात नेमका कुठे सापडतो ते नोंदवायचे आणि ही सगळी माहिती संगणकाला वाचता येईल अशा दुव्यांनी एकमेकींशी बांधायची, असे काम गेली काही वर्षे जगात चालू आहे. त्यातल्या ‘ह्यूमन रेफरन्स ॲटलास’ या प्रकल्पाची समीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. समीक्षा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. या ॲटलासबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाचे असते किंवा तांत्रिक माहितीचे. पण ॲटलास हाही एक ग्रंथ आहे. त्यात काय घेतले, काय गाळले, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हे प्रश्न इतर कोणत्याही ग्रंथाला विचारतो तसे त्यालाही विचारायला हवेत.

तीन खांबांचा तक्ता

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१८ मध्ये ‘हबमॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. निरोगी मानवी शरीराचा पेशींच्या पातळीवरचा नकाशा हे त्याचे उद्दिष्ट. ह्यूमन रेफरन्स ॲटलास याच कार्यक्रमाच्या आश्रयाने वाढला. त्याच्या उभारणीत इंडियाना विद्यापीठातल्या केटी बोर्नर यांचा मोठा वाटा आहे. बोर्नर शरीररचनाशास्त्रज्ञ नाहीत. माहितीचे नकाशे काढणे हा त्यांचा विषय. ही गोष्ट लक्षात ठेवली की ॲटलासचे बलस्थान कळते आणि त्याची मर्यादाही कळते.

२०२१ मध्ये ‘नेचर सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकात या ॲटलासचा आराखडा मांडणारा लेख आला. सोळा आंतरराष्ट्रीय संशोधकगटांतल्या लोकांनी मिळून केलेले ते काम होते. सुरुवात अकरा अवयवसमूहांपासून झाली : मेंदू, हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस, मोठे आतडे, त्वचा, प्लीहा, थायमस, लसिकाग्रंथी, अस्थिमज्जा व रक्त आणि रक्तवाहिन्या.

ॲटलास म्हटले की डोळ्यांपुढे चित्रे येतात. इथे चित्रे आहेतच, पडद्यावर फिरवून पाहता येणारे त्रिमितीय अवयव आहेत. पण खरा कणा आहे तो एका साध्या तक्त्याचा. तक्त्याचे तीन खांब. पहिल्यात शरीराचे भाग, मोठ्याकडून लहानाकडे : मूत्रपिंड, त्याचे बाह्यक, त्यातला केशिकागुच्छ. दुसऱ्यात त्या भागात सापडणारे पेशीप्रकार. तिसऱ्यात ती पेशी ओळखण्याच्या खुणा, म्हणजे तिच्यात ठळकपणे व्यक्त होणारी जनुके आणि प्रथिने. प्रत्येक ओळ तीन प्रकारचे दुवे जोडते : हा भाग त्या भागाचा अंश आहे, ही पेशी या भागात असते, ही खूण त्या पेशीची ओळख पटवते. ओळ कोणी लिहिली, कोणत्या शोधनिबंधाच्या आधारे लिहिली, याच्या नोंदीची सोय तक्त्यात आहे. तक्त्याची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवली जाते.

हे वरवर कारकुनी काम वाटेल, पण त्याची निकड समजून घेतली पाहिजे. एकेका पेशीतली जनुके मोजण्याचे तंत्र गेल्या दशकात फार पुढे गेले. त्या तंत्रात ऊतीचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी सुट्या केल्या जातात आणि प्रत्येक पेशीत कोणते जनुक किती प्रमाणात जागे आहे ते मोजले जाते. लाखो पेशींची अशी माहिती हाती येते, पण पेशी सुट्या करताना त्यांचा पत्ता हरवतो. मूत्रपिंडातली पेशी एवढेच उरते. मूत्रपिंडात कुठली, ते कळत नाही. म्हणून ॲटलासकर्त्यांनी एक साधन केले. तुकडा कुठून घेतला ते संशोधकाने त्रिमितीय अवयवावर एक चौकोनी ठोकळा ठेवून दाखवायचे. त्याचा आकार, जागा आणि कल ठरवायचा. मग तो ठोकळा अवयवाच्या कोणकोणत्या भागांना छेदतो ते संगणक सांगतो. एका शहरातल्या प्रयोगशाळेतला तुकडा आणि दुसऱ्या खंडातल्या प्रयोगशाळेतला तुकडा शेजारी ठेवून पाहता येतात ते यामुळे. ही या ॲटलासची सर्वांत उपयुक्त देणगी आहे.

नावाऐवजी क्रमांक

शरीराच्या भागांच्या नावांचा गोंधळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुमारे ५,००० भागांसाठी सुमारे ५०,००० नावे वापरात होती. १८९५ मध्ये बासेल इथे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांनी लॅटिन नावांची एक ठरावीक यादी केली. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तोडगा होता तो असा : सगळ्यांनी एकच नाव वापरा.

नव्या ॲटलासचा तोडगा निराळा आहे. नाव काहीही वापरा, क्रमांक एकच ठेवा. ‘यूबेरॉन’ नावाच्या शरीरभागांच्या संगणकीय सूचीत मूत्रपिंडाचा क्रमांक ०००२११३ आहे. पेशींसाठी अशीच वेगळी सूची आहे. तिच्यात यकृतपेशीचा क्रमांक ००००१८२. आपण ‘मूत्रपिंड’ म्हणा, ‘किडनी’ म्हणा, वैद्य ‘वृक्क’ म्हणोत; तिन्ही नावे एकाच क्रमांकाला टांगता येतात. मराठीला यात एक संधी आहे. आपल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले, तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे शब्द घडवले आणि त्यांतले बरेचसे कोशातच राहिले. कोशातला शब्द इंग्रजी शब्दाला जोडलेला असतो. तो क्रमांकाला जोडला, तर त्या भागाविषयीचे सगळे ज्ञान मराठी शब्दातून शोधता येईल. काम मोठ्या खर्चाचे नाही. चिकाटीचे मात्र आहे.

या व्यवस्थेतली एक अडचण मात्र नजरेआड करू नये. यूबेरॉन ही केवळ माणसाची सूची नाही. अनेक प्राण्यांच्या समान अवयवांना ती एकाच क्रमांकाखाली आणते. उंदराचे मूत्रपिंड आणि माणसाचे मूत्रपिंड एकाच धाग्यात येतात. संशोधनाला हे सोयीचे आहे, कारण बरेच प्रयोग उंदरांवरच होतात. पण सोय झाली की सावधपणा सैल पडतो. उंदरात दिसलेली गोष्ट त्याच धाग्यावरून माणसाच्या खात्यावर चढायला वेळ लागत नाही.

झाड आणि जाळे

दुसरा आक्षेप आराखड्याविषयीचा. ‘हा भाग त्या भागाचा अंश’ या नात्याने शरीर मांडले की झाड तयार होते : खोड, फांद्या, डहाळ्या. पण शरीर झाडासारखे वागत नाही. केशिकागुच्छातली केशिका मूत्रपिंडाची की रक्ताभिसरणाची? दोन्हींची. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, लसिकावाहिन्या अवयवांच्या सीमा ओलांडत जातात. ॲटलासकर्त्यांना याची जाण आहे. रक्तवाहिन्यांना सुरुवातीपासून वेगळा तक्ता मिळाला तो म्हणूनच. तरीही काम वाटले गेले आहे ते अवयवांनुसार, कारण तज्ज्ञही अवयवांनुसारच वाटले गेलेले आहेत. हृदयाचा तक्ता हृदयतज्ज्ञ करतो, फुप्फुसाचा फुप्फुसतज्ज्ञ. रुग्णालयातले विभाग जसे पाडले आहेत तसे शरीर या ॲटलासमध्ये उतरले आहे. सगळ्या अवयवांत वावरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचे खरे घर कुठले, या प्रश्नाला अशा मांडणीत अनेक तुकड्यांत उत्तर मिळते.

आयनोसाइटचा धडा

आता मुख्य आक्षेप. तक्त्याचे तीन खांब आहेत : स्थान, पेशी, खूण. शंका हा चौथा खांब नाही. दुवा एक तर असतो किंवा नसतो. तो किती भक्कम आहे आणि त्याविरुद्ध कोणाचे काय म्हणणे आहे, हे मूळ मांडणीत डोळ्यांत भरत नाही. संदर्भ दिलेला असतो हे खरे. पण संदर्भ आपल्या बाजूच्या साक्षीदारासारखा असतो, विरुद्ध बाजू तो मांडत नाही.

यामुळे काय बिघडते ते एका उदाहरणाने सांगतो. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार सीएफटीआर या जनुकातल्या दोषामुळे होतो. जनुक सापडले १९८९ मध्ये. फुप्फुसात घट्ट चिकट स्राव साठतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो. हे जनुक श्वासमार्गातल्या नेमक्या कोणत्या पेशीत काम करते, हा उपचाराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ‘नेचर’मध्ये एकाच वेळी जाहीर केले की श्वासमार्गाच्या अस्तरात एक दुर्मीळ पेशीप्रकार आहे. संख्येने तो शंभरात जेमतेम एक, पण सीएफटीआर त्याच्यात सर्वांत ठळकपणे व्यक्त होते. त्याला नाव मिळाले आयनोसाइट. एकेका पेशीची मोजणी केली नसती तर ही पेशी सापडली नसती, आणि म्हणून पेशींच्या नकाशाच्या बाजूने बोलताना हे उदाहरण आवर्जून दिले गेले.

तीन वर्षांनी, २०२१ मध्ये, मानवी श्वासमार्गावरच्या तपशीलवार अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले. एकेका आयनोसाइटमध्ये हे जनुक भरपूर व्यक्त होते, हे बरोबर. पण आयनोसाइट फारच थोड्या. संख्येने मोठ्या असलेल्या स्रावी पेशींत ते कमी प्रमाणात व्यक्त होत असले, तरी बेरीज केली की त्या अस्तरातले सीएफटीआर आणि त्याचे कार्य यांत वरचढ ठरतात त्या स्रावी पेशीच.

दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. ‘सीएफटीआर ही आयनोसाइटची खूण आहे’ हा दुवा अचूक आहे. पण तेवढाच दुवा वाचून कोणी ठरवले की जनुकोपचार आयनोसाइटपर्यंत पोचवला की काम झाले, तर नेम चुकेल. खूण ठळक असणे वेगळे आणि कार्याचा भार वाहणे वेगळे. तक्त्यात पहिली गोष्ट सहज मावते, दुसरीला जागा शोधावी लागते. आणि पुढे हा तक्ता माणूस वाचणार नाही, संगणक वाचणार आहे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली अशाच दुव्यांवर शिकवल्या जात आहेत. माणूस वाचताना अडखळतो, मूळ निबंध काढून पाहतो. यंत्र दुवा मिळाला की पुढे जाते.

या बाबतीत जुना ग्रंथ नव्यापेक्षा सरस ठरतो. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या ३०० सांगताना, वेद मानणारे ३६० म्हणतात पण शल्यतंत्रात ती ३०० च आहे, असा उल्लेख येतो. आपला आकडा देताना दुसऱ्याचा आकडा पुसून टाकलेला नाही, आणि आपली मोजणी कोणत्या शास्त्राच्या कामासाठी आहे तेही सांगितले आहे. ॲटलासकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

नमुना कोणाच्या देहाचा?

ॲटलासमधले त्रिमितीय अवयव आले कुठून? त्यांतले बहुतेक ‘व्हिजिबल ह्यूमन’ या जुन्या प्रकल्पातल्या दोन देहांवरून घडवलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये पुरुषदेहाची आणि १९९५ मध्ये स्त्रीदेहाची चित्रमालिका खुली केली. गोठवलेल्या पुरुषदेहाचे एकेक मिलिमीटरवर पातळ थर काढत १,८७१ छेदांची छायाचित्रे घेतली गेली. स्त्रीदेहाचे छेद त्याहून बारीक, एक तृतीयांश मिलिमीटरवर. पुरुष होता टेक्सासमध्ये ऑगस्ट १९९३ मध्ये देहदंड झालेला ३९ वर्षांचा कैदी. स्त्री होती हृदयविकाराने वारलेली ५९ वर्षांची मेरीलँडची रहिवासी. कैद्याने देहदानाला संमती दिली होती. पण आपला देह पुढची काही दशके जगभरच्या संगणकांवर माणसाचा नमुना म्हणून फिरेल, याची कल्पना त्याला असणे कठीण. स्त्रीचे वय ऋतुनिवृत्तीनंतरचे. पंचविशीतल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश तिच्यासारखे नसणार.

नमुना म्हणून कोणाचा तरी देह घ्यावाच लागतो, हे मला मान्य आहे. सरासरी देह असा कुठे नसतो. तक्रार आहे ती ‘रेफरन्स’ या शब्दाबद्दल. दोन विशिष्ट माणसांचे अवयव एकदा मापदंड झाले की त्यांची विशिष्टता हळूहळू विसरली जाते आणि इतरांचा वेगळेपणा हे विचलन वाटू लागते.

शरीराच्या ग्रंथांत हे आधीही घडले आहे. १८५८ मध्ये लंडनहून निघालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढली. अवयवांवर अ, ब, क अशी अक्षरे टाकून खाली सूची देण्याऐवजी कार्टरनी नावे थेट अवयवावरच लिहिली. स्थान आणि नाव यांचा दुवा चित्रातच जोडला. आजच्या ॲटलासचा हा पूर्वजच म्हणायचा. पुस्तक बाहेर येईपर्यंत कार्टर मुंबईला आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले, कुष्ठरोगावर आणि पायाला होणाऱ्या बुरशीजन्य मायसेटोमावर मोलाचे संशोधन केले. पुस्तक मात्र जगभर ओळखले गेले ते एकट्या ग्रेच्या नावाने. मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानावरही कार्टरचे नाव लहान टायपात गेले. आणि ज्यांच्या देहांवरून ती चित्रे निघाली त्यांचा तर उल्लेखही नाही. १८३२ च्या ब्रिटिश कायद्यानंतर विच्छेदनासाठी येत ती प्रामुख्याने वर्कहाउस आणि इस्पितळांत मरण पावलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या गरिबांची प्रेते. नव्या ॲटलासने तक्ता लिहिणाऱ्या तज्ज्ञाचे नाव ओळीला जोडण्याची व्यवस्था केली, ही मोठी सुधारणा आहे. देहदात्यांच्या बाबतीत नाव गुप्त राहणे योग्यच. पण वय, लिंग, वंश, आजार, राहणी यांची नोंद दुव्याच्या इतकी जवळ हवी की ती ओलांडून पुढे जाता येऊ नये.

आपण कुठे आहोत?

२०१९ मध्ये केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून ‘मानव’ हा प्रकल्प जाहीर केला. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर या संस्था त्यात होत्या. कल्पना अशी की जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध शोधनिबंध वाचायचे, त्यांतली ऊती आणि पेशींविषयीची विधाने वेचून ठरावीक साच्यात नोंदवायची. मला यातला शिक्षणाचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. निबंध बारकाईने वाचून एका ओळीत त्याचे विधान लिहायला बसले की त्यातली पळवाट दिसते. मात्र छापलेल्या निबंधांतून तेच मिळते जे कोणी तरी आधी मोजलेले आहे. ज्या देहांचे मोजमापच झाले नाही ते कितीही वाचून सापडणार नाहीत.

त्यासाठी प्रत्यक्ष नमुने लागतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ह्यूमन सेल ॲटलास’ या दुसऱ्या जागतिक उपक्रमाशी निगडित असलेला आशियाई रोगप्रतिकारक पेशींचा अभ्यास २०२५ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात आला. भारत, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांतल्या ६१९ निरोगी माणसांच्या रक्तातल्या साडेबारा लाखांहून अधिक पेशी त्यात तपासल्या आहेत. वय, लिंग आणि लोकसमूह यांनुसार पेशींचे प्रमाण व जनुकांचे वर्तन बदलते, हे त्यातून दिसले. म्हणजे ‘निरोगी माणसाचे रक्त’ असा एकच नमुना पुरेसा नाही. पण रक्त काढणे सोपे. यकृत, फुप्फुस, मेंदू यांचे निरोगी नमुने मिळतात ते अवयवदानातून किंवा शस्त्रक्रियेतून, आणि तिथे विश्वासाचा, संमतीचा आणि पैशाचा प्रश्न येतो.

माझ्यासारख्या, कोणत्याही विद्यापीठाचे ओळखपत्र नसलेल्या माणसाला या ॲटलासचे तक्ते उघडून ओळ न् ओळ तपासता येते. हा त्याचा मोठेपणा आहे आणि ही समीक्षा लिहिता आली ती त्यामुळेच. म्हणून मागण्याही तपासता येतील अशाच करतो. प्रत्येक दुव्याशेजारी तो किती माणसांच्या नमुन्यांवर उभा आहे तो आकडा असावा. पुरावा माणसाचा की प्राण्याचा, हे दुवा वाचतानाच कळावे. विरुद्ध निष्कर्ष असेल तर तोही त्याच ओळीत जोडला जावा. आणि नमुना-अवयव उघडताना तो कोणत्या वयाच्या, कोणत्या देहावरून घडवला ते पडद्यावर अवयवाच्या नावाइतक्याच ठळकपणे दिसावे.

उद्या आपल्याकडच्या एखाद्या रुग्णाच्या ऊतीचा तुकडा याच ॲटलासशी ताडून पाहिला जाईल आणि संगणक सांगेल की यातल्या पेशींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. तो वेगळेपणा आजाराचा की निव्वळ त्या माणसाचा, हे डॉक्टरांना ठरवावे लागेल. त्या वेळी ‘अपेक्षा’ कोणाच्या देहावरून बांधली होती ते त्यांच्यासमोर असले, तर त्यांना आणखी एक तपासणी करण्याचे किंवा थांबण्याचे कारण मिळेल. ते नसेल, तर अहवालात फक्त ‘असामान्य’ असा शब्द येईल आणि उपचार त्यावरून सुरू होतील.